बंद घरांची वीज

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी थोरल्या वहिनीचं नाव सांगतो. आईवडिलांनी जन्म दिला, गुरुजींनी अक्षर दिलं, त्यांचं ऋण आहेच. पण वहिनीनं माझ्यासाठी जे केलं ते करण्याचं तिच्यावर कसलंही बंधन नव्हतं. ती दुसऱ्या घरातून आलेली, नुकतंच लग्न झालेली मुलगी होती.

ती आमच्या घरात आली तेव्हा मी शेंबडा पोरगा होतो. तरी नात्यानं दीर, म्हणून पहिल्या दिवसापासून ती मला ‘भावजी’ आणि ‘तुमी’ म्हणायची. "भावजी, आधी तुमचं नाक पुसा, मंग भाकर मागा," असं ती म्हणाली की सगळं घर हसायचं. मला मात्र आपण मोठे झालो असं वाटायचं.

आम्ही मेंढपाळ. कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं आमची वस्ती. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि मेंढरं घेऊन खाली गोदावरीच्या अंगाला उतरायचं. ज्यांची पिकं निघाली त्यांच्या शेतात मेंढरं बसवायची, शेताला खत होतं, आपल्याला धान्य मिळतं. पाऊसकाळ तोंडावर आला की परत. बायका, लेकरं, कोंबड्या, सगळं बरोबर. वस्तीत राहायची ती ज्यांच्यानं चालवत नाही अशी म्हातारी माणसं. त्यामुळं आमच्याकडच्या पोरांची शाळा पावसाळ्यातले चार महिने. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच इयत्ता, तेच पुस्तक.

मी चौथीत असताना गुरुजी घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "हा शिकेल. याला यंदा मेंढरामागं नेऊ नका."

"ठेवला असता की," वडील म्हणाले, "पण ह्याला भाकर कोण करून घालणार? ही म्हातारी माणसं स्वतःचंच कसंबसं करतात."

आईशिवाय तर वाडा चालणं शक्य नव्हतं. वाडा म्हणजे आमचा रानातला मुक्काम. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली वहिनी म्हणाली, "मी राहते."

नवरा आठ महिने रानात आणि नवी नवरी वस्तीत, असं आमच्यात कुणी केलेलं नव्हतं. पण ती राहिली. त्या वर्षी राहिली, आणि मी कन्नडच्या शाळेतून दहावी होईपर्यंत दरवर्षी राहिली. ती स्वतः शाळेत गेलेली नव्हती. भाकरी थापताना मला म्हणायची, "मोठ्यानं वाचा भावजी, मलाबी कळू द्या." इतिहास तिला आवडायचा, भूगोलातलं तिला पटायचं नाही.

वस्तीत मागं राहणाऱ्यांचं आणखी एक काम असे. रानात गेलेल्यांच्या दाराला कुलूप नसायचं, एक बाभळीची काटी आडवी लावलेली असायची. दिवेलागणीला मागं राहिलेल्यांनी त्या प्रत्येक घरात जाऊन देवापुढं दिवा लावायचा. सगळ्या घरांत. घरचे रानात आहेत म्हणून घर अंधारात ठेवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. वहिनी हातात तेलाची बाटली घेऊन निघायची आणि मी वातींचं ताट धरून तिच्या मागं.

पुढं मी शहरात आलो. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. गारखेड्यात चौघांत एक खोली घेऊन इंजिनियरिंगची पदवी घेतली. आमच्या वस्तीतला मी पहिलाच पदवीधर. शेंद्र्याच्या एका कारखान्यात विजेच्या देखभालीचं काम मिळालं. ज्या रानात माझ्या आजोबांनी मेंढरं बसवली होती तिथंच ते कारखाने उभे राहिले होते, हे मला वडिलांनी सांगितलं. ते एकदा कारखान्याच्या फाटकापर्यंत आले होते. बराच वेळ कंपाउंडची भिंत बघून म्हणाले, "इथं एक चांगली विहीर होती."

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आमच्या वस्तीत सोलर आलं. महावितरणचे खांब खालच्या गावापर्यंत येऊन थांबले होते. शहरातल्या एका संस्थेनं वस्तीपुरती वीज तयार करायचं ठरवलं. देवळामागच्या माळावर प्लेटांच्या तीन ओळी, एका खोलीत बॅटऱ्यांच्या दोन रांगा, आणि तिथून तारा घराघरात. दिवसा उन्हावर बॅटऱ्या भरायच्या, रात्री घरात दिवे आणि पंखा. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता. मी शिकलेली गोष्ट माझ्याच माळावर उभी होती.

त्याआधी संस्थेची दोन मुलं माहिती गोळा करायला आली होती. दिवस भाद्रपदाचे. सगळी वस्ती घरी, दाराशी मेंढरं, पोरांचा गोंधळ. त्या मुलांनी प्रत्येक घरी विचारलं, "वर्षातले किती महिने इथं राहता?" आणि प्रत्येक घरानं सांगितलं, "बारा महिने." माझे चुलत आजोबा तर त्यांच्यावर वैतागले, "इथं नाय तर कुठं राहणार रे बाबा? लंडनला?"

हे कुणी खोटं सांगितलं नव्हतं. मेंढरामागं गेलेला माणूस वस्ती सोडून गेला असं आम्ही कधीच मानत नाही. घर तिथं, देव तिथं, म्हणजे माणूस तिथं. रान हे काम आहे, राहणं नाही. त्या मुलांनी कागदावर बारा महिने लिहिलं, आणि सगळी घरं बारा महिने दिवे-पंखे वापरणार असा हिशेब धरून तेवढ्या बॅटऱ्या आल्या.

दिवे लागले त्याचा आनंद सगळ्यांनाच झाला. वहिनी मात्र महिनाभर त्या प्लेटांकडं बघून एकच विचारत राहिली, "दिवे तर रातीला. दिवसभर ह्या एवढ्या उन्हात काय करतात मंग?" मी सुट्टीवर गेलो तेव्हा तिला समजावलं की दिवसा बॅटरी भरते आणि भरल्यानंतरची वीज वाया जाते. ती म्हणाली, "वाया? आन आमी डोक्यावर बाजरी घेऊन खालच्या गावात दळायला जातो!"

त्यातून गिरणी आली. बायकांच्या बचत गटानं घेतली, चालवायची वहिनीनं. ती ऊन बघून चालायची. सकाळी ऊन वर आलं की पट्टा चढवायचा, दुपार कलली की बंद. आभाळ आलं की बायका डबे घेऊन भिंतीला टेकून बसायच्या, ढग गेला की उठायच्या. दळणाची मजुरी पिठात. तेवढ्यावर वहिनीचं घर चालायला लागलं. तिची मुलगी तोवर शाळेत जायला लागली होती. माझ्या पुतणीला पावसाळ्यापुरती शाळा नको, बारा महिने हवी, असं वहिनीनं ठरवून टाकलं होतं, आणि गिरणीमुळं तिला मागं राहता येत होतं. आता ती दिराच्या शिक्षणासाठी नाही, स्वतःच्या कामासाठी मागं राहत होती. त्यामुळं कुणाला काही बोलायला जागा नव्हती.

मग दुष्काळ पडला. पहिल्या वर्षी पाऊस अर्धवट झाला, दुसऱ्या वर्षी आलाच नाही म्हटलं तरी चालेल. मेंढरं दसऱ्याआधीच खाली उतरली, आणि पुढच्या पावसाळ्याला परतलीच नाहीत. परतून खाणार काय? माळावर गवताची काडी नव्हती. जी घरं पावसाळ्यात भरायची तीही काटी लावून बंद राहिली. संस्थेच्या मीटरवर वस्तीचा वापर निम्म्याच्या खाली गेला. एक दिवस संस्थेचं पत्र आलं: वीज पडून राहते आहे, तेव्हा हा प्रकल्प गरज असलेल्या दुसऱ्या वस्तीत हलवण्याचा विचार आहे.

वहिनी ते पत्र घेऊन एसटीनं शहरात आली. मी तिला संस्थेच्या ऑफिसात घेऊन गेलो. तिथं एक मॅडम होत्या. वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या, बोलायला मोकळ्या. माझं शिक्षण कळल्यावर म्हणाल्या, "माझे आजोबा पंचांग सांगायचे, वडील कारकून, आणि मी मीटर वाचते. बसा ताई."

वहिनी बसली आणि म्हणाली, "आमचं सोलर कामून नेता मॅडम?"

"ताई, निम्म्याहून जास्त घरं बंद आहेत तुमच्याकडची."

"बंद नायत. मेंढरामागं गेलीत."

"म्हणजे बंदच ना?"

"तुमी आता हापिसात आलात. तुमचं घर बंद पडलं का?"

मॅडम हसल्या. "मी संध्याकाळी जाते घरी."

"तेबी जातात की. पावसाळ्यात."

"या पावसाळ्यात नाही गेले." मॅडमनी फाइल काढून पुढं ठेवली. "हे बघा. तुमच्याच लोकांनी सांगितलंय, बारा महिने."

"बरोबर सांगितलंय," वहिनी म्हणाली, आणि तिनं काट्या लावलेल्या घरांचं, त्यातल्या दिव्यांचं सगळं सांगितलं. आता तेलाऐवजी ती प्रत्येक घरात जाऊन एक बल्ब लावते, तेही सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बंद घरांतही थोडी वीज जाते, ती का ते आम्हाला कळत नव्हतं. आम्हाला वाटलं मीटरमध्ये बिघाड आहे."

पण त्यांचा मुद्दा तिथं संपला नाही. "ताई, घाटाखाली एक वस्ती आहे. तिथं अजून चिमणी जळते. तिथल्या बायका मला फोन करून विचारतात, आमचा नंबर कधी? तुमच्याकडं बॅटऱ्या भरून पडलेल्या असतात. मी त्यांना काय सांगू?"

वहिनीनं फाइल परत सरकवली आणि म्हणाली, "त्यांचंबी खरं हाय."

मॅडमनी एवढं कबूल केलं की स्वतः येऊन बघितल्याशिवाय काही हलवणार नाही. जिना उतरताना वहिनी मला म्हणाली, "बाई वाईट नाय भावजी. वाईट असती तर भांडता आलं असतं."

त्या वर्षी माझा भाऊ मेंढरं घेऊन शहरातच होता. गारखेड्याच्या पुढं, नव्या इमारतींच्या मधल्या एका मोकळ्या प्लॉटवर त्यानं वाघर लावली होती, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी. दुष्काळात खेड्यापेक्षा शहरात चारा जास्त, हे मला तेव्हा कळलं. भाजीबाजारातला पाला, कोबीची पानं, लग्नाच्या मंडपामागं टाकलेलं उरलंसुरलं. समोरच्या इमारतीतल्या एक बाई मेथीच्या काड्या पिशवीत भरून खाली सोडायच्या. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका मात्र रोज गॅलरीतून विचारायचे, "कधी हलणार तुम्ही?" भाऊ हात जोडून म्हणायचा, "पाऊस पडला की, साहेब."

आम्ही तिथं गेलो. भावानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "गेलं तर गेलं. आपल्या बापजाद्यांनी कवा पाह्यली वीज? पोरीला घे आन चल माझ्यासंगं. हाताखाली माणूस नाय मला."

"आन पोरीची शाळा?" वहिनी म्हणाली.

"माझी झाली का शाळा?"

"नाय झाली म्हणून तर एसटीवरची पाटी वाचायला दुसऱ्याला विचारता."

"आता विचारत नाय. रंगावरून कळती."

"व्हय, म्हणून मागल्या साली पैठणला जायचं ते जालन्याला उतरलात."

भाऊ हसला, मीही हसलो. पण त्याचं म्हणणं चेष्टेचं नव्हतं. कोकरं मेली होती. सोबतीला आईवडील होते, पण आता त्यांच्यानं काठी घेऊन चालवत नव्हतं. वहिनी आणि पुतणी आल्या असत्या तर त्याला दोन माणसांचा आधार झाला असता. वीज राहिली तर गिरणी, गिरणी राहिली तर पुतणीची शाळा. वीज गेली तर मागं राहायला वहिनीकडं कारण उरणार नव्हतं, आणि भावाची अडचण तर डोळ्यांपुढं दिसत होती. मी तिला एसटीत बसवून दिलं.

मी रजा काढून वस्तीत गेलो. बंद घरांची वीज कुठं वापरता येईल, हे बघायचं होतं. बघायला लांब जावं लागलं नाही. टँकर यायचा आणि जुन्या विहिरीत पाणी ओतून जायचा. मग आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायका काठावर दाटी करून दोरानं पाणी शेंदायच्या. काठ ढासळलेला. मागच्याच महिन्यात एक बाई पाय घसरून पडता पडता वाचली होती. वहिनी तिथं उभी राहून म्हणाली, "दिवसाची वीज पडून हाय म्हणतात ना ती मॅडम? हे पाणी वर नाय का यायचं तिच्यानं?"

यायचं, आणि सहज यायचं. छोटी मोटार पुरे होती. मी शहरातून जुनी पण चालू मोटार आणली, ग्रामपंचायतीनं एक काळी टाकी दिली, वस्तीत उरलेल्या म्हाताऱ्यांनी चर खणला. चुलत आजोबा खणत नव्हते, पण सूचना त्यांच्याच होत्या. टाकी माळावर ठेवली, गिरणीच्या शेजारी. ती जागा वहिनीनं निवडलेली. मला ती देवळापाशी बरी वाटत होती. "नाय, गिरणीपाशीच ठेवा," ती म्हणाली. आठवडाभरात कारण कळलं. बायका डोक्यावर हंडा आणि काखेत दळणाचा डबा घेऊन यायला लागल्या. हंडे नळाखाली ओळीत लावायचे, डबे गिरणीपाशी ठेवायचे आणि सावलीत बसायचं. पाणी भरेपर्यंत दळण तयार. ज्या वस्त्यांवरून कधी कुणी आमच्याकडं दळायला येत नव्हतं तिथल्याही बायका यायला लागल्या. मोटार आणि गिरणी एकदम चालवली की इन्व्हर्टर कुरकुरायचा, म्हणून वहिनीनं नियम केला, आधी टाकी भरायची, मग पट्टा चढवायचा.

मॅडम आल्या त्या दिवशी टँकर येऊन गेला होता. माळावर जत्रेसारखी गर्दी. त्यांनी बॅटऱ्यांची खोली बघितली, मीटर बघितलं, काट्या लावलेल्या घरांवरून फिरल्या. चुलत आजोबा त्यांच्या मागोमाग.

"ह्या घरात कोण राहतं, बाबा?"

"माझा पुतण्या."

"आता कुठं आहेत ते?"

"पैठणकडं."

"मग राहतात कुठं?"

"आवं, इथंच राहतो की, सांगतोय काय!" आजोबा माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्या बाईला कमी ऐकू येतं काय रं?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना वहीवर लिहिता येईना. मग गिरणीपाशी पीठ उडत असतानाच त्या बसल्या आणि आम्ही तिघं बोलत राहिलो. दिवसाचा वापर वाढला होता, तो त्यांना दिसत होता. रात्रीचा वाढलेला नव्हता आणि वाढणारही नव्हता. खालच्या वस्तीला काय हवंय, असं मी विचारलं. "फक्त दिवे," त्या म्हणाल्या. "तिथं लोक दिवसभर मजुरीला बाहेर असतात." बोलता बोलताच गोष्ट समोर आली. गिरणी आणि मोटार थेट उन्हावर चालत होत्या, त्यांना बॅटऱ्या फारशा लागत नव्हत्या. बॅटऱ्या लागणार होत्या त्या खालच्या वस्तीला. एक रांग आणि प्लेटांची एक ओळ त्यांना दिली तर इथली गिरणी चालूच राहिली असती.

"पण मग पावसाळ्यात सगळे परत आले की तुम्हाला रात्रीची वीज कमी पडेल," मॅडम म्हणाल्या. "पंखे चालणार नाहीत. दिवेही थोडा वेळच. प्रत्येक घराचा होकार लागेल मला."

वहिनी म्हणाली, "जे इथं नायत त्यांचाबी?"

"त्यांचाही. तुम्हीच म्हणता ना, ते इथंच राहतात."

वहिनी हसली. तिच्याच बोलण्यात तिला धरलं होतं.

होकार गोळा करायला रानात जायला हवं होतं, आणि आमच्यात असं काही विचारायचं तर घरच्या कर्त्यानं विचारायचं. वडिलांच्यानं आता फिरवत नव्हतं, म्हणजे माझ्या भावानं. मी प्लॉटवर गेलो आणि त्याला सांगितलं. तो काठीनं माती उकरत बसला. त्यानं नुसतं ‘नाय’ म्हटलं असतं तरी गोष्ट संपली असती, आणि त्याच्या हाताखाली माणूस आलं असतं. आई शेजारीच तीन दगडांवर भाकरी करत होती. पीठ वहिनीनं कन्नडच्या एसटीतून पाठवलेलं. दर आठवड्याला पिशवी यायची, मी स्टँडवरून उतरवून घ्यायचो आणि प्लॉटवर पोचवायचो.

"ह्या साली मेंढरांनी काय दिलं आपल्याला?" भाऊ म्हणाला. "लोकर गेली मातीमोल. कोकरं गेली. पीठ तेवढं येतंय." मग आईकडं बघून म्हणाला, "हाताखाली एखादा गडी बघतो. तिला राहू दे तिथं."

"मी कवाधरनं तेच म्हणतेय," आई म्हणाली. ती असं काही कधी म्हणाली नव्हती, पण भावानं वाद घातला नाही.

पुढच्या सुट्टीला माझ्या मोटरसायकलवर मागं बसून तो निघाला. शेंद्र्याच्या मागं एक वाडा होता, तिथून पैठणकडं, मग गंगापूरच्या अंगाला. मोटरसायकलवर बसायला तो भीत होता, पण वाडा दिसला की खाली उतरून काठी सावरून असा चालायचा की जणू पायीच आलाय. लोकांनी हरकती घेतल्या. आम्ही नसताना आमच्या घरातलं का देता? पंखा नसला तर जावई काय म्हणेल? एका काकांनी विचारलं, "घरात एक बल्ब लागतो तो तरी राहील ना?" भाऊ म्हणाला, "तो राहील. तो माझ्या घरच्यांचा जिम्मा." शेवटच्या वाड्यावर चहा पिऊन आम्ही परत फिरलो तेव्हा सगळे होकार झाले होते.

अंगठे आणि सह्या घेतलेले ते कागद मी ऑफिसात दिले आणि निर्णयाची वाट बघितली. वस्तीत फोनला रेंज नव्हती, आणि वहिनीनं निक्षून सांगितलं होतं, "निरोप तोंडी नका धाडू. प्रत्येकजण आपापलं सांगत बसतो. लिहून पाठवा, गिरणीवर सगळ्यांपुढं वाचायला लावते पोरीला." म्हणून निर्णय कळला त्याच दिवशी मी कन्नडच्या एसटीत कंडक्टरकडं हे पत्र दिलं.

वहिनी,

आधी महत्त्वाचं सांगतो, मग बाकीचं. गिरणी जात नाही. मोटारही जात नाही. ऑफिसनं तसं लेखी दिलं आहे, त्याची नक्कल सोबत जोडली आहे. ती देवळात नको, तुमच्याजवळ ठेवा.

प्लेटांच्या तीन ओळींपैकी देवळाकडची एक ओळ जाईल. बॅटऱ्यांच्या दोन रांगांपैकी दाराजवळची एक जाईल. दोन्ही घाटाखालच्या वस्तीला. त्यांच्या इन्व्हर्टरची सोय ऑफिस करणार आहे, आपल्याला काही द्यायचं नाही. पावसाळ्यात मंडळी परतली की घरटी दोन दिवे चालतील, पंखे चालणार नाहीत. हे आत्ताच सगळ्यांपुढं पोरीकडून स्पष्ट वाचून घ्या, म्हणजे नंतर कुणी तुम्हाला बोल लावणार नाही. दादानं प्रत्येक वाड्यावर जाऊन हे सांगितलेलं आहे आणि सगळ्यांनी मान्य केलं आहे.

मॅडमनी एक गोष्ट नव्यानं केली. माहिती घेण्याच्या त्यांच्या कागदात आता एक प्रश्न वाढवला आहे. कोणत्या महिन्यात घरात किती माणसं झोपतात, असा. आजोबांना सांगा, पुन्हा कुणी विचारायला आलं तर रागावू नका.

दादा बरा आहे. गडी मिळाला आहे, आपल्या शेंद्र्याकडच्या वाड्यातलाच. मेंढरं अजून प्लॉटवर आहेत. आईचा गुडघा दुखतो, तेल नेऊन दिलं. दादा तोंडानं म्हणणार नाही, पण गेल्या आठवड्यात पिठाची पिशवी एक दिवस उशिरा आली तेव्हा तो दोनदा मला विचारायला खोलीवर आला होता. फक्त पिठासाठी आला होता असं मला वाटत नाही. जमलं तर दिवाळीला पोरीला घेऊन चार दिवस इकडं या. गिरणी तेवढे दिवस कशी चालवायची ते बचत गटातल्या मावशींना दाखवून ठेवा.

तुम्ही मला शाळेत ठेवलंत त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. तोंडावर मानले असते तर तुम्ही चेष्टा केली असती. इथं लिहितो आहे. हे पोरीनं मोठ्यानं वाचलं तरी चालेल.

सामान न्यायला ट्रक येत्या गुरुवारी येईल. खालच्या वस्तीतल्या दोन बायका बरोबर येणार आहेत. बॅटरीतलं पाणी कधी बघायचं, कोणतं टाकायचं आणि टँकरचं का टाकायचं नाही, ते त्यांना तुम्ही दाखवा. प्लेटा सोडवताना आधी मधली कळ बंद करायची, हे ट्रकवाल्या पोरांना आठवण करून द्या, ती घाईत असतात. मी रजा मागितली आहे. मिळाली तर येतो. नाही मिळाली तर माझ्यासाठी काम अडवू नका.

तुमचा धाकटा दीर